आमच्या व्यवसायासाठी योग्य व्यापार प्रदर्शन कसे निवडावे?

तुळई (प्रश्न)

नमस्कार.

आमची बावीस माणसांची कंपनी पॅकिंगच्या लाइनवर बसणारी, वजन तपासणारी यंत्रे बनवते. पट्ट्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक पाकिटाचे वजन चालता चालता घ्यायचे आणि कमी किंवा जास्त भरलेले पाकीट बाजूला ढकलायचे, एवढेच त्यांचे काम. आजवरची विक्री जुन्या ग्राहकांच्या शिफारशींवर आणि दोन वितरकांच्या भरवशावर होत आली. गेली दोन वर्षे ती जागच्या जागी अडकली आहे, म्हणून पुढील वर्षापासून व्यापार प्रदर्शनांत स्टॉल घ्यावा असे भागीदारांनी ठरवले आहे.

सध्या तीन प्रस्ताव समोर आहेत. पहिले प्रदर्शन केवळ पॅकेजिंग उद्योगाचे असून ते फार मोठे आणि आंतरराष्ट्रीय आहे. दुसरे अन्नप्रक्रिया उद्योगाचे, मध्यम आकाराचे. तिसरे सर्वसाधारण औद्योगिक प्रदर्शन असून त्यात यंत्रसामग्रीपासून सॉफ्टवेअरपर्यंत सर्व काही मांडले जाते. तिन्ही आयोजकांच्या माहितीपत्रकांत भेट देणाऱ्यांचे आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि येणाऱ्यांपैकी बहुतेक जण खरेदीचा निर्णय घेणारे असतात, असा दावाही तिघांनी केला आहे. आमच्या तरतुदीत वर्षाला एक मोठे किंवा दोन लहान स्टॉल बसतात.

चार वर्षांपूर्वी आम्ही एकदा हा प्रयोग करून पाहिला होता. तीन दिवसांत तीनशेच्या वर व्हिजिटिंग कार्डे जमली, पण त्यांतून एकही ऑर्डर आली नाही. प्रदर्शन चुकीचे होते की आम्ही कमी पडलो, हे आजही सांगता येत नाही आणि खरी अडचण तीच आहे, कारण जे चुकले तेच ठाऊक नसेल तर या वेळची निवड कशाच्या आधारावर करायची? अनुभवी मंडळींनी निवडीची पद्धत सांगावी, ही विनंती.

जुना प्रदर्शक

माहितीपत्रके तूर्त बाजूला ठेवा आणि स्वतःच्या ऑर्डरबुकापासून सुरुवात करा. मागच्या वीस ऑर्डरी घ्या. प्रत्येक ठिकाणी यंत्राची गरज प्रथम कोणाला जाणवली, पर्यायांची तुलना कोणी केली आणि सही कोणाची होती, हे लिहून काढा. तुमच्या यंत्राच्या बाबतीत ही माणसे बहुधा उत्पादन विभागाचे प्रमुख, गुणवत्ता विभागाचे प्रमुख किंवा संपूर्ण पॅकिंग लाइन उभारून देणारे यंत्रनिर्माते असतील. त्यानंतर त्या वीसही ग्राहकांना फोन करून दोनच प्रश्न विचारा: गेल्या तीन वर्षांत आपण कोणत्या प्रदर्शनाला गेला होतात, आणि तेथे नेमके काय शोधत होतात? या कामाला एक आठवडा लागेल, पण जी माणसे आधीच तुमची ग्राहक झाली आहेत त्यांच्यासारखीच माणसे पुढेही तुमच्याकडे येणार असल्याने, त्यांच्या पायाखालची वाट कोणत्याही आयोजकाच्या आकडेवारीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

यादीतल्या तिसऱ्या गटाकडे विशेष लक्ष द्या. लाइन उभारून देणारे यंत्रनिर्माते पॅकेजिंगच्या प्रदर्शनात प्रेक्षक म्हणून क्वचितच फिरतात. त्यांचा स्वतःचा स्टॉल तेथे असतो. म्हणजे तुमचा मुख्य ग्राहक तेच असतील, तर त्यांना भेटण्यासाठी तुम्हाला स्टॉलची गरजच नाही. प्रवेशपत्र काढा, भेटीच्या वेळा आधी ठरवून घ्या आणि त्यांच्या स्टॉलवर जा. मात्र ते विक्रीसाठी उभे असतात, खरेदीसाठी नाही, हे लक्षात ठेवून गर्दीच्या वेळी जाऊ नका. पहिल्या दिवशीची पहिली घटका किंवा शेवटच्या दिवशीची दुपार त्यासाठी बरी.

आता गर्दीच्या आकड्यांविषयी. 'भेटी' आणि 'भेट देणारे' हे दोन वेगळे हिशेब आहेत. एकच माणूस तीन दिवस आला तर काही आयोजक त्या तीन भेटी धरतात, आणि काही जण विद्यार्थी, पत्रकार, एवढेच काय तर प्रदर्शकांचे कर्मचारीही बेरजेत घेतात. म्हणून आकडे त्रयस्थाकडून तपासले आहेत का, हे विचारावे. १९२५ साली मिलानमध्ये स्थापन झालेली 'यूएफआय' ही प्रदर्शन उद्योगाची जागतिक संघटना ज्या प्रदर्शनांना मान्यता देते, त्यांची आकडेवारी तपासलेली असावी लागते. जर्मनीत १९६५ पासून 'एफकेएम' ही संस्था हेच काम करते. ती अनेक प्रदर्शनांसाठी भेट देणाऱ्यांची रचनाही प्रसिद्ध करते: कोणत्या उद्योगातले, कोणत्या हुद्द्यावरचे, कोणत्या देशातले आणि खरेदीच्या निर्णयात त्यांचा वाटा किती. अशी फोड मागितल्यावर आयोजक पुन्हा एकूण बेरीजच पाठवत असेल, तर ते उत्तरच समजावे.

तसेही एकूण गर्दीला तुमच्या लेखी फारसा अर्थ नाही. हिशेब करून पाहा. प्रदर्शन तीन दिवसांचे, रोज सात तासांचे. स्टॉलवर एका वेळी बोलणारी दोन माणसे. आणि कामाचे संभाषण म्हणावे अशी प्रत्येकाची तासाला चार बोलणी. त्यांचा गुणाकार १६८ येतो. बाहेर वीस हजार लोक असोत की दोन लाख, तुम्ही १६८ जणांशीच बोलू शकणार आहात. म्हणून आयोजकाला विचारायचा प्रश्न असा की, या १६८ जागांवर योग्य माणसे येऊन बसण्याची शक्यता कोठे सर्वाधिक आहे? ज्या लहान प्रदर्शनात येणारा प्रत्येक दुसरा माणूस पॅकिंग लाइन चालवतो, ते तुमच्यासाठी ज्या मोठ्या प्रदर्शनात असा माणूस शंभरात एक भेटतो त्यापेक्षा मोठे आहे.

याच हिशेबावरून तुमच्या तीनशे कार्डांची मला शंका येते. दोन माणसांच्या स्टॉलवर तीन दिवसांत तीनशेहून अधिक खरी संभाषणे होत नाहीत. बक्षिसाच्या सोडतीसाठी काचेचे भांडे ठेवले होते का?

शेवटी, मागच्या दोन आवृत्त्यांच्या प्रदर्शकांच्या याद्या मिळवून शेजारी शेजारी ठेवा. तुमच्या आकाराच्या किती कंपन्या परत आल्या आणि किती गळाल्या, ते मोजा. एकदा येऊन पुन्हा न आलेल्यांपैकी तुमच्याशी स्पर्धा नसलेल्या तीन-चार जणांना फोन करा. ही माणसे मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे; गेलेले पैसे निदान कोणाच्या तरी उपयोगी पडावेत असे त्यांनाही वाटत असावे.

दालनबांधणी

मी प्रदर्शनांतील स्टॉल उभारण्याचे काम करतो, त्यामुळे खर्चाची बाजू सांगतो. कोणते प्रदर्शन परवडते हे पुष्कळदा नुसत्या भाड्यावरून ठरवले जाते आणि तेथेच गणित चुकते. जागेचे भाडे एकूण खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा असते, असा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. उरलेल्यात बांधणी, वाहतूक, वीज, प्रवास, राहणे, छपाई आणि विमा येतो. पहिल्यांदा येणाऱ्याने भिंती, गालिचा आणि नावाची पट्टी आयोजकाकडूनच मिळणारा तयार स्टॉल घ्यावा. तो बहुधा नऊ चौरस मीटरपासून मिळतो. मोकळी जागा घेऊन स्वतः बांधणी करण्याचा खर्च अनेकांना शेवटच्या महिन्यात कळतो.

यंत्र चालते दाखवायचे असेल तर थ्री-फेज वीज आणि दाबाखालची हवा स्वतंत्र मागवावी लागते. त्याची मुदत टळली की दर वाढतात. अमेरिकेतील पुष्कळ प्रदर्शनांत माल उतरवण्याच्या धक्क्यापासून स्टॉलपर्यंत नेण्याचे काम आयोजकाने नेमलेला ठेकेदारच करतो आणि त्याचे शुल्क वजनावर आकारले जाते, त्यामुळे जड यंत्रवाल्यांना हा भुर्दंड भाड्याइतकाच जाणवतो. परदेशी जाणार असाल तर 'एटीए कार्नेट' काढा. या एका कागदपत्रावर नमुन्याचे यंत्र सीमाशुल्क न भरता तात्पुरते नेता येते. त्याची मुदत कमाल एक वर्षाची असते आणि यंत्र परत यावे लागते. वाटण्याच्या भेटवस्तू आणि वापरून संपणारा माल त्यात बसत नाही. यंत्र तेथेच विकले गेले तर शुल्क भरावे लागते, हे विक्रीच्या आनंदात विसरू नये.

तुमच्या यंत्रासाठी एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. चालत्या पट्ट्यावर वजन घेणारे यंत्र जमिनीच्या कंपनांना आणि वाऱ्याच्या झोताला संवेदनशील असते. सर्वसाधारण औद्योगिक प्रदर्शनात तुमच्या शेजारी एखादा पंचिंग प्रेस दिवसभर धडधडत असेल, तर ग्राहकासमोर तुमचे आकडे नाचू लागतील आणि दोष प्रेसचा आहे हे त्याला पटवण्यात तुमची पाच मिनिटे जातील. म्हणून निवड करताना नुसते प्रदर्शन बघू नका. कोणता हॉल, शेजारी कोण आणि डोक्यावर वातानुकूलनाची झडप आहे का, हे विचारा. जागांची वाटणी करताना जुन्या प्रदर्शकांना अग्रक्रम असतो, त्यामुळे नामांकित प्रदर्शनात नवख्याच्या वाट्याला बहुधा कोपऱ्यातला हॉल येतो. मनासारखा हॉल मिळत नसेल तर त्या वर्षी नकार देणे, हाही एक पर्याय आहे.

हिशेबनीस

वरील प्रतिसादांशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण 'परत आलेले प्रदर्शक' या कसोटीबद्दल सावध करावेसे वाटते. मोठ्या कंपन्या फायदा होतो म्हणूनच परत येतात असे नाही. एखाद्या वर्षी स्टॉल दिसला नाही तर 'कंपनी अडचणीत आहे' अशी कुजबुज सुरू होते, आणि ती टाळण्यासाठीही त्या येत राहतात. पुढे एके दिवशी सगळ्यांना एकदमच हिशेब सुचतो. जर्मनीतील हॅनोव्हरच्या 'सेबिट' या संगणक प्रदर्शनाचे उदाहरण घ्या. हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनातील एक भाग म्हणून १९७० साली ते सुरू झाले, १९८६ मध्ये स्वतंत्र झाले, २००१ च्या सुमारास तेथे आठ लाखांहून अधिक लोक येत होते, आणि २०१८ नंतर ते भरलेच नाही. घड्याळांच्या क्षेत्रातील 'बाझेलवर्ल्ड'चेही तसेच झाले. २०१९ ही त्याची शेवटची आवृत्ती ठरली. म्हणून एका वर्षाचा आकडा पाहू नये. निदान चार आवृत्त्यांचे आकडे मांडून चढ आहे की उतार, हे पाहावे.

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचे 'इंटरपॅक' हे पॅकेजिंगचे प्रदर्शन तीन वर्षांतून एकदा भरते. त्याच क्षेत्रातले अमेरिकेतील 'पॅक एक्स्पो' सम वर्षी शिकागोत आणि विषम वर्षी लास वेगासमध्ये भरते. चीनमधील ग्वांगझूचा 'कॅन्टन फेअर' हा सर्व प्रकारच्या मालाचा व्यापार मेळा १९५७ पासून चालू आहे. तो वर्षातून दोनदा भरतो आणि प्रत्येक वेळी मालाच्या प्रकारानुसार तीन टप्प्यांत विभागलेला असतो. तेथे टप्पा चुकला तर शहर बरोबर आणि खरेदीदार घरी, अशी गत होते. तीन वर्षांनी येणाऱ्या प्रदर्शनासाठी ग्राहक मोठे निर्णय राखून ठेवतात, पण त्याच कारणाने सगळे स्पर्धकही आपली नवी यंत्रे त्याच आठवड्यात बाहेर काढतात. बावीस माणसांच्या कंपनीचा आवाज त्या गदारोळात कितपत पोहोचेल, याचा विचार व्हावा. तुमच्या ग्राहकाचे वार्षिक खर्चाचे अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात ठरते, हेही विचारून घ्या. ते मंजूर झाल्यावर पंधरा दिवसांनी भरणारे प्रदर्शन तुम्हाला वर्षभर वाट पाहायला लावेल.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या प्रदर्शनात आपण प्रेक्षक म्हणून एकदाही फिरलो नाही तेथे स्टॉल घेऊ नये. एक दिवस जा, तुमच्यासारख्याच मालाच्या स्टॉलसमोर अर्धा तास उभे राहा आणि किती जण थांबतात, ते काय विचारतात, त्यांच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर कोणता हुद्दा आहे, हे टिपून घ्या. मी स्वतः एकदा हा नियम मोडून एका प्रदर्शनात मधल्या मार्गावरची महागडी जागा घेतली होती. मार्ग खरोखरच गजबजलेला होता, कारण उपाहारगृहाकडे जाण्याची वाट तीच होती. तीन दिवस आम्ही भुकेल्या माणसांच्या पाठी पाहत बसलो.

नवकल्पना

थोडे वेगळे, पण निवडीआधीच पाहावे असे. तुम्ही एखादे नवे तंत्र प्रथमच दाखवणार असाल आणि त्याचे पेटंट घ्यायचे असेल, तर अर्ज प्रदर्शनाच्या आधी दाखल करा. युरोपीय पेटंट कायद्यानुसार अर्जापूर्वी लोकांसमोर मांडलेली गोष्ट नवीन मानली जात नाही. प्रदर्शनांसाठीची सवलत आहे, पण ती १९२८ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनविषयक करारात बसणाऱ्या अधिकृत प्रदर्शनांपुरतीच असून तीही सहा महिन्यांची आहे. नेहमीची व्यापार प्रदर्शने तिच्यात येत नाहीत. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एक वर्षाची मुभा मिळते. त्या मुभेवर विसंबून आधी यंत्र दाखवले आणि मग युरोपात अर्ज करायला निघाले, अशी माणसे मी पाहिली आहेत. अर्ज वेळेत तयार होणार नसेल तर जुने मॉडेल घेऊन जा किंवा नंतरच्या तारखेचे प्रदर्शन निवडा.

आणखी एक: युरोपीय संघाच्या यंत्रविषयक नियमांनुसार, सुरक्षिततेची पूर्तता अजून न झालेले यंत्र प्रदर्शनात मांडता येते. मात्र ते नियमांशी अद्याप जुळत नाही आणि जुळेपर्यंत विकले जाणार नाही, असा ठळक फलक त्यावर असावा लागतो आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी माणसांच्या सुरक्षिततेची तजवीज करावी लागते.

तुळई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी फोन करायचे ठरवले होते. होय, काचेचे भांडे होते. सोडतीत एक टॅबलेट ठेवला होता आणि ती कार्डे बहुतेक त्यासाठीच पडली असावीत.

वीसपैकी अठरा ग्राहकांनी उत्तर दिले. आठ जण कोणत्याच प्रदर्शनाला जात नाहीत. सहा जण अन्नप्रक्रियेच्या प्रदर्शनाला जातात, चार जण पॅकेजिंगच्या. सर्वसाधारण औद्योगिक प्रदर्शनाचे नाव एकानेही घेतले नाही, जरी तेथील विक्री अधिकाऱ्याचा फोन आम्हाला आठवड्यातून दोनदा येत होता. पॅकेजिंगकडे जाणाऱ्या चौघांपैकी तिघे लाइन उभारणारे यंत्रनिर्माते आहेत आणि तिघांचाही तेथे स्वतःचा स्टॉल असतो, म्हणजे 'जुना प्रदर्शक' यांचा अंदाज बरोबर ठरला.

आता विचार असा आहे की, अन्नप्रक्रियेच्या प्रदर्शनाची येती आवृत्ती आम्ही दोघांनी फिरून पाहावी, त्याच्या पुढच्या आवृत्तीत नऊ चौरस मीटरचा स्टॉल घ्यावा आणि पॅकेजिंगला केवळ भेटी ठरवून जावे. जे आठ जण कोठेच जात नाहीत, त्यांच्यासारख्यांना कसे गाठावे हा वेगळा विषय आहे. एकच शंका उरते: स्टॉल घेतल्यावर ते प्रदर्शन आपल्याला लागू पडले की नाही, हे कधी आणि कशावरून ठरवायचे? मागच्या वेळची संदिग्धता पुन्हा नको आहे.

जुना प्रदर्शक

तुमची ऑर्डर पहिल्या भेटीपासून सहीपर्यंत सरासरी किती महिने घेते, ते जुन्या नोंदींतून काढा. समजा आठ महिने लागत असतील, तर प्रदर्शनानंतर आठ महिने पूर्ण होईपर्यंत ऑर्डरींच्या संख्येवरून निकाल देऊ नका. त्याआधी पाहण्याजोग्या गोष्टी दोन: तुमच्या ग्राहकाच्या व्याख्येत बसणारी किती माणसे स्टॉलवर बोलली, आणि त्यांपैकी किती जणांनी पुढच्या महिन्याभरात पाकिटाचा नमुना, लाइनचा वेग किंवा जागेचा नकाशा पाठवला. नमुना पाठवणाऱ्याला काम आहे. नुसते माहितीपत्रक मागणाऱ्याचा अद्याप भरवसा नाही. या दोन्हींचे अपेक्षित आकडे जाण्यापूर्वीच कागदावर लिहून दोन्ही भागीदारांनी त्यावर सही करावी, कारण परतल्यावर दमलेला माणूस प्रदर्शनाला एक तर फार चांगले म्हणतो किंवा फार वाईट.

चौकशांची वर्गवारी त्याच दिवशी संध्याकाळी करा. प्रत्येक संभाषणावर तीन ओळी पुरतात: काय पॅक करतात, मिनिटाला किती पाकिटे, आणि सध्या वजन कसे तपासतात. पहिल्या प्रतीच्या चौकशीला आठवड्याच्या आत उत्तर गेले पाहिजे. त्यासाठी कारखान्यात एक माणूस मोकळा ठेवा. मागच्या वेळी पहिला पाठपुरावा किती दिवसांनी झाला होता, हे तुमच्या ईमेलमध्ये आजही सापडेल. 'प्रदर्शन चुकले की आम्ही' या तुमच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर बहुधा तेथेच मिळेल.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आयोजकाचा माणूस पुढच्या आवृत्तीचा नकाशा घेऊन स्टॉलवर येईल, आत्ता सही केल्यास चांगली जागा आणि सवलत मिळेल असे सांगेल, आणि समोरच्या स्टॉलने सही केल्याचेही दाखवेल. त्याचे म्हणणे खोटे असतेच असे नाही, पण तुमचा निकाल तेव्हा आठ महिने दूर असतो. जागा राखून ठेवायला सांगा, अनामत रक्कम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण परत मिळते हे लेखी घ्या, आणि ती तारीख तुमच्या निकालाच्या आधीची असेल तर सही न करता सामान बांधायला घ्या.